आईच्या डोक्यातल्या संथ लाटा

माझ्या कामाबद्दल आमच्या घरात कोणालाच धड काही कळलेलं नाही, आणि त्या ‘कोणालाच’मध्ये कित्येकदा मीही असते. दादा लोकांना सांगतो, “बहीण मेंदूचं करते.” वहिनीच्या माहेरी मी डॉक्टर आहे असा पक्का समज आहे, तिथली माणसं लग्नाच्या पंगतीत मला अर्धशिशीवर गोळी विचारतात. मी डॉक्टर नाही. कल्याणला आमच्या ब्लॉकच्या मागच्या खोलीत, वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला टेबल टाकून मी कॉम्प्युटरवर आकडे साफ करत बसते.

हे आकडे दुसऱ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेतून येतात. तिथे एमईजी नावाचं यंत्र आहे. मेंदूतल्या पेशींची कुजबुज चालते तेव्हा डोक्याबाहेर अगदी क्षीण असं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते हे यंत्र टिपतं. क्षीण म्हणजे इतकं, की शेजारच्या इमारतीची लिफ्ट हलली तरी ते बुडून जावं. म्हणून जाड भिंतींची बंद खोली, आत एक खुर्ची, खुर्चीवर पार्लरमध्ये केस वाळवायला असतो तसला मोठा टोप आणि टोपात शेकडो सेन्सर. माणसाला बसवतात आणि सांगतात, समोरच्या फुलीकडे बघा, स्वस्थ बसा, काही करू नका. काही न करणाऱ्या माणसाचाही मेंदू गप्प नसतो. त्याचा हा रिकामपणचा उद्योग मेंदूत नेमका कुठून उगम पावतो, ते बाहेर टिपलेल्या आकड्यांवरून उलटं शोधत जायचं, हे माझं काम.

“म्हणजे नक्की काय करतेस?” असं आईने विचारलं, तेव्हा मी तिला जिन्याचं उदाहरण दिलं होतं. आपण जिन्यात उभे आहोत, सगळी दारं बंद आहेत आणि कुकरची शिट्टी झाली. ती कोणाच्या घरात झाली, ते जिन्यातूनच ओळखायचं. आई म्हणाली, “त्यात काय, दुसऱ्या मजल्यावरची. तिच्या कुकरची रिंग गेलीय.” गंमत अशी की शास्त्रातही असंच असतं. एकाच आवाजाला अनेक घरं जुळतात. मग कुठल्या घराबद्दल काय माहीत आहे ते आधी धरून चालावं लागतं, आणि जसं धराल तसं उत्तर येतं. हे मी इतक्या जणांना समजावलं होतं की ते मला समजलं आहे असं मलाच वाटायला लागलं होतं.

आई डोंबिवलीला एकटी राहते. बाबा गेल्यापासून, स्वतःच्या मर्जीने, आणि चांगली ऐटीत. तिसरा मजला, गॅलरीसमोर जांभळाचं झाड, खाली एक भाजीवाला, जो तिच्यासाठी न सांगता बरी कोथिंबीर बाजूला काढून ठेवतो. दादा माजिवड्याला टॉवरमध्ये राहतो. त्याच्याकडे आईसाठी एक खोली कधीची राखलेली आहे, तिच्यात सध्या त्याची व्यायामाची सायकल असते.

एका सकाळी आईच्या घरातून करपल्याचा वास यायला लागला. शेजारणीने दार बडवलं. आत गॅसवर दुधाचं पातेलं काळं ठिक्कर पडलेलं आणि आई गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होती. शेजारणीने दादाला फोन केला, दादा तडक आला. आई म्हणाली, “मी विसरलेले नाही. गॅस बारीक होता, मला माहीत होतं. त्या बर्नरलाच काहीतरी झालंय.” बर्नर बदलून झाला, पण दादाच्या डोक्यातून ते पातेलं काही जाईना. मग बाकीच्याही गोष्टी निघाल्या. आई मला मावशीच्या नावाने हाक मारते. बाजारातून कांदे आणते आणि पिशवी भाजीवाल्याकडेच विसरते. हाकेचं तर मी शाळेत होते तेव्हापासून चाललंय, हे मी सांगितलं, तर दादा म्हणाला, “बघ, म्हणजे किती जुनं आहे हे!”

त्याचं म्हणणं सरळ होतं. आईला माजिवड्याला आणायचं आणि डोंबिवलीचा ब्लॉक भाड्याने द्यायचा. “पण तू सांगशील तसं करू,” तो मला म्हणाला. “तू मेंदूचं करतेस ना? मग सांग, आई एकटी राहू शकते का नाही? हो का नाही, बस. टेन्शन खल्लास.”

मला त्याचा असा राग आला! तो वाईट माणूस नाही. आईला गॅसने काही झालं तर, या विचाराने त्याला खरंच झोप लागत नव्हती, वहिनीनेच सांगितलं मला. राग आला तो त्या ‘हो का नाही, बस’चा.

तोडगा आईनेच काढला. आमच्या संशोधनाला तेव्हा साठीच्या पुढची निरोगी माणसं हवी होती, हे मी तिच्यासमोर कधीतरी बोलून गेले होते. “मला बसव त्या मशीनमध्ये,” ती म्हणाली. मी तिला परोपरीने सांगितलं की ही तपासणी नाही, यातून रिपोर्ट मिळत नाही, एकट्या माणसाबद्दल यातून काही ठरवता येत नाही. ती म्हणाली, “मला रिपोर्ट नकोच. तुला कळलं की झालं. तू दादाला सांग, तो तुझं ऐकेल.” तिला माझ्यावर इतका भरवसा होता, त्याची मला भीतीच वाटली. पण मी तिला घेऊन गेले.

जाण्याच्या दिवशी ती लग्नाला निघाल्यासारखी नटली होती. इस्त्रीची साडी, अंबाडा, केस काळेभोर. तिथे सगळं उतरवावं लागलं. पाटल्या, कुड्या, केसांतले आकडे, साडीच्या एकूण एक सेफ्टी पिना. धातू नको म्हणून शेवटी साडीच काढून तिथला ढगळ सुती झगा घालायला लावला. तिथल्या तंत्रज्ञाने विचारलं, “आजी, केसांना डाय वगैरे?” आईने मान ताठ केली. “मी आयुष्यात कधी कलप लावलेला नाही,” ती म्हणाली. तिला कलपाचा खरोखरच तिटकारा आहे. कलपवाली माणसं ती लांबून ओळखते आणि हळू आवाजात त्यांची टिंगल करते.

ती आत बसली. बाहेरच्या पडद्यावर मी तिचा चेहरा बघत होते. समोरच्या फुलीकडे ती अशी टक लावून बघत होती की जणू फुलीनेच नजर चोरावी. स्वस्थ बसायला सांगितलेलं माणूस इतके कष्ट घेऊन स्वस्थ बसलेलं मी दुसरं पाहिलं नाही. तंत्रज्ञ म्हणाला, “थोडा गोंगाट येतोय. दाताला धातूची कॅप आहे का?” होती. तेवढं नंतर साफ करता येईल, असं आम्ही दोघंही म्हणालो.

आकडे माझ्याकडे येतात तेव्हा त्यांवर नाव नसतं, फक्त सांकेतिक क्रमांक असतो. पण उगम शोधण्याआधी एक काम करावं लागतं. त्या माणसाच्या डोक्याचा त्याच दिवशी काढलेला एमआरआय आणि टोपातली त्याची जागा एकमेकांवर नीट बसवायची. नाकाचा वरचा खळगा, डावा कान, उजवा कान, हे तीन बिंदू जुळवायचे. पडद्यावर एक करडं, बिनकेसांचं, डोळे मिटलेलं डोकं येतं आणि ते फिरवून बघायचं असतं. त्या आठवड्यात एक डोकं मी फिरवलं आणि ते बाजूने दिसलं. मध्यावर उंचवटा असलेलं ते नाक माझ्याकडे आहे, मावशीकडे आहे, दादाच्या मुलीकडे आलंय म्हणून वहिनी खट्टू आहे. नियमाने मी तिथेच थांबून काम दुसऱ्याकडे द्यायला हवं होतं. मी दार लावून घेतलं आणि पुढे गेले.

पापण्यांची उघडझाप काढली. हृदयाचे ठोके काढले. ते मेंदूपेक्षा कितीतरी मोठ्याने बोलतात. दाताची कॅपही काढली. आणि उरलं त्यात लाटा दिसल्या. मोठ्या, संथ, आळसावलेल्या लाटा. गाढ झोपेतल्या माणसाच्या मेंदूत तसं दिसलं तर कोणी काही म्हणणार नाही. पण आई टक्क जागी होती, मी स्वतः बघितलं होतं. जागेपणी मेंदू इतका संथ होणं बरं नसतं, एवढं मलाही माहीत होतं.

पुढचे कितीतरी दिवस माझी मती गुंग झाली होती. उगम शोधायच्या पद्धती अनेक आहेत. एका पद्धतीने लाटा डोक्याच्या मागच्या भागातून येत होत्या. दुसरीने टाळूखालून. तिसरीने त्या जवळजवळ सगळीकडून येत होत्या, म्हणजे कुठूनच नाही. एक विचित्र गोष्ट मात्र प्रत्येक वेळी होत होती. उगम आत बसत नव्हता, तो मेंदूच्या कडेकडे सरकायचा, अगदी कवटीला टेकायचा. मी आकडे बदलून बघितले, पद्धती बदलून बघितल्या, एमआरआय पुन्हा जुळवला. आई नसून दुसरीच कोणी असेल म्हणून नाकही पुन्हा बघितलं. जे कळत होतं ते मला नको होतं आणि जे हवं होतं ते कळत नव्हतं. नवरा म्हणाला, “अगं, डॉक्टरला दाखव ना सरळ.” मी म्हटलं, “काय सांगून?” 

मग मी नको ते सुरू केलं. डोंबिवलीला गेले की सहज विचारल्यासारखं विचारायचे, “आई, आज वार कोणता गं?” “काल काय भाजी केलेलीस?” “त्या तमक्याच्या मुलीच्या लग्नाला आपण कोणत्या हॉलवर गेलेलो?” दोन-तीनदा तिने सरळ उत्तर दिलं. मग म्हणाली, “माझी परीक्षा घेतेस का?” मी नाही म्हटलं. तिला पटलं नसणार, कारण त्यानंतर मी दारात पाऊल ठेवलं की ती आपणहूनच म्हणायची, “ये. आज बुधवार, द्वादशी. काल दोडका केला होता.” त्याच्या आदल्या दिवशीचं पडवळही सांगायची. माझी आई, जिने मला पाढे म्हणायला लावले, ती आता माझ्यासमोर दोडका-पडवळ म्हणत होती. तरी मी मनात उत्तरं तपासतच होते.

दादा दर रविवारी फोन करायचा. “काय निघालं?”

“अजून काम चालू आहे.”

“किती दिवस? कोर्टात केस आहे का ही?”

त्याने सायकल खोलीतून काढली होती. आईसाठी नवी गादीही आणली होती. वहिनीने मला गादीचा फोटो पाठवला, त्यावर काय उत्तर द्यावं हे न कळून मी नुसता अंगठा पाठवला.

असं चाललं असताना एका रविवारी मी आईकडे गेले, तर ती जुना परकर खांद्यावर टाकून स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. समोर कढई. “बरं झालं आलीस,” ती म्हणाली. “मागच्या बाजूला माझा हात पोचत नाही. लावून दे.” कढईत मेंदी होती. रात्रभर भिजलेली, काळी, चहाच्या पाण्याचा आणि आवळ्याचा वास येणारी. मी हातात प्लॅस्टिकची पिशवी घातली आणि लावायला लागले. आई उलथन्याने कढईचा तळ खरवडून खरवडून मला मेंदी काढून देत होती. “तळाची चांगली असते,” ती म्हणाली. “जितकी काळी तितका रंग धरते. स्टीलच्या भांड्यात भिजवलेली नुसती लाल होते, वानरासारखी. लोखंडाचीच कढई पाहिजे.”

खर्र, खर्र, असा तो आवाज. माझा हात तिच्या टाळूवर होता, बरोबर त्याच जागी, जिथे पडद्यावर त्या लाटा कवटीला टेकून बसायच्या.

“आई,” मी म्हटलं, “मशीनमध्ये बसायच्या आधी मेंदी लावली होतीस?”

“मग काय पांढऱ्या केसांनी जाऊ? आदल्याच दिवशी लावलेली.”

“अगं, त्याने विचारलं होतं तुला, केसांना काही लावलंय का!”

“त्याने डाय विचारलं. मेंदी म्हणजे काय कलप आहे? झाडाचा पाला तो.”

फ्रीजवर गणपतीपुळ्याहून आणलेलं नारळाच्या आकाराचं चुंबक होतं. मी ते काढलं, कागदात गुंडाळलं आणि कढईच्या काठावर वाळलेल्या मेंदीच्या पापुद्र्यांवर धरलं. बारीक काळी कणी उडून कागदाला चिकटली. आई स्टुलावरून वाकून बघत होती. “हे काय जादूचे प्रयोग?” ती म्हणाली. मी हसत होते आणि मेंदीच्या हाताने डोळे पुसत होते, त्यामुळे माझ्या गालावर जो डाग पडला तो पुढे आठवडाभर गेला नाही.

कल्याणला परत येऊन मी एक गोष्ट उघडली, जी सहसा कोणी उघडत नाही. टोपाखाली बसवताना माणसाच्या छातीला एक पट्टा बांधतात, तो श्वास टिपतो. मी श्वासाची रेघ काढून त्या लाटांच्या खाली ठेवली. लाट चढायची तेव्हा श्वास चढायचा, लाट उतरायची तेव्हा श्वास. प्रत्येक श्वासाला तिचं डोकं कणभर हलत होतं, डोक्याबरोबर केस, केसांबरोबर कढईचं लोखंड. इतके दिवस मी आईचा श्वास बघत होते आणि घाबरत होते. आनंद झाला होता, पण त्याला धड बसायला जागा मिळेना.

कारण लोखंड बाजूला काढलं तर खाली काय राहतं, ते मला काढता येईना. मेंदीच्या गोंगाटात आईचा मेंदू असा काही बुडाला होता की तो चांगला होता की वाईट, कोण जाणे. मी संस्थेला सगळं खरं कळवलं आणि त्यांनी ते रेकॉर्डिंग बाद केलं. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, “म्हणजे मी पास का नापास?”

“तुझा पेपरच तपासला नाही.”

“मग परत बसते.”

“केसांत लोखंड आहे तोवर नाही बसवणार. धुऊन थोडंच जातं. कापलेस तर होईल.”

ती म्हणाली, “तुझे बाबा गेले तेव्हा मी केस कापले नाहीत. आता मशीनसाठी कापू? वाढवीन. मुळापासून नवे येऊ देत.”

आणि तिने खरंच मेंदी बंद केली. कढईत भाजी व्हायला लागली. भांगात आधी पांढरी रेघ आली, मग पट्टा, मग कपाळावरचं सगळं पांढरं झालं. माझ्या जन्मापासून मी आईला पांढऱ्या केसांची पाहिलेली नव्हती. बाबांच्या दहाव्यालासुद्धा नाही. भाजीवाल्याने तिला विचारलं, “मावशी, बरं नाय का?” ती बरी होती. ती अभ्यास करत होती, असं म्हटलं तरी चालेल.

‘आईला परत बसवायचंय’ एवढंच सांगून मी दादाला थोपवलं होतं. काही महिन्यांनी त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला आम्ही सगळे माजिवड्याला जमलो. दादाने आईला बऱ्याच दिवसांनी नीट बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. तो मला स्वयंपाकघरात ओढून घेऊन गेला. “अगं, किती म्हातारी झालीय ती! तू जातेस ना तिकडे? दिसत नाही तुला? आता कसलं मशीन न् कसलं काय. पुढच्या महिन्यात मी आणतोय तिला.”

मी त्याला केसांचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईच आत आली. तिने ऐकलं होतं. माझ्याजवळ येऊन तिने अंबाडा सोडला आणि एक बट पुढे घेऊन मला दाखवली. कानापर्यंत पांढरी, त्याच्याखाली काळपट लाल. “एवढे पुरतील का गं?” तिने विचारलं. “का अजून वाढवू?”

ज्या मशीनला आम्ही तिची बाजू मांडायला सांगणार होतो, त्याच मशीनसाठी ती स्वतःला म्हातारी करून बसली होती. आणि यंत्राने अगदी स्वच्छ लाटा दिल्या असत्या, तरी त्यांच्यावरून तिने डोंबिवलीला राहावं की नाही, हे मला सांगता आलं नसतं. हे मी सुरुवातीला सगळ्यांना सांगितलं होतं आणि मग स्वतःच विसरले होते.

“आई डोंबिवलीलाच राहील,” मी दादाला म्हटलं.

“रिपोर्ट आला?”

“नाही.”

“मग तुला काय माहीत?”

“मला काही माहीत नाही. तू म्हणाला होतास ना, मी सांगेन तसं करू? मी सांगतेय.”

दादाने हात झाडले आणि केक कापायला बाहेर गेला. तो हो म्हणाला नव्हता, पण नाहीही म्हणाला नाही, आणि आमच्या घरात तेवढं चालतं.

निघताना लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. आईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “तुला एक सांगू?” ती म्हणाली. “दादाला सांगू नकोस. ते दूध मी विसरलेच होते गं. बर्नर चांगला होता.”

मी तिच्याकडे बघितलं. ती लिफ्टच्या दाराकडे बघत होती, त्या फुलीकडे बघत होती तशीच.

“बरं,” मी म्हटलं. मग म्हटलं, “शिट्टीचा दूध कुकर आणू उद्या. दूध तापलं की वाजतो.”

“आण,” आई म्हणाली. “आणि जाताना ती मेंदीची पुडीपण घेऊ.”